मोर्सवर खार खाणारे सलूनवाले मामा

सलूनवाल्या मामांकडे हॅम रेडिओचा परवाना नव्हता आणि त्याचा सगळा दोष मोर्सच्या सांकेतिक लिपीचा होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकला की मामा सुरू होत. "बिनतारी संचावर साऱ्या जगाशी गप्पा ठोकल्या असत्या हो! पण परीक्षेत ती मोर्सची टकटक घालून ठेवलीय. शेकडो लोक दाराबाहेर ताटकळलेत. छंद मारला मेल्यांनी!" गळ्यावर पातं असताना वाद कोण घालणार?

मग सरकारनं मोर्सची अटच काढून टाकली. बातमी आणली मेव्हण्यानं, तोच रेडिओ क्लबचा सचिव.

"दाजी, दार उघडलं. या आता."

"येतो की. जरा गर्दी ओसरू दे."

"कसली गर्दी? अर्ज एकच आलाय. तुमचा. ताईनं भरलाय."

मामांनी बायकोकडे पाहिलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती. "अहो, शेकडो लोक म्हणालात, म्हणून घाई केली."

मामा पास झाले. क्लबात त्यांच्या हाती मायक्रोफोन आला, त्यांनी बटण दाबलं आणि वाचाच बसली. जन्मभर ते बोलले आरशातल्या तोंडाशी, तेही फेस लावलेल्या. इथे तोंड दिसेना, आणि पलीकडचा चक्क उलट प्रश्न विचारत होता, "तुमच्याकडे हवा कशी आहे?"

"हवा तरी सांगायची, दाजी!"

"घसा बसलाय."

तो घसा नेमका क्लबातच बसायचा. इकडे सलूनमध्ये गिऱ्हाइकं वस्तऱ्याखालूनही विचारू लागली, "काय मामा, काल कुठल्या देशाशी गप्पा?" अब्रूचं खोबरं व्हायची वेळ आली. एका दुपारी मामांनी शटर अर्धं ओढून मेव्हण्याला आत घेतलं.

"त्या टकटकीत तोंडानं बोलावं लागत नाही ना?"

"नाही."

"समोरचा मध्येच बोलत नाही?"

"तुम्ही थांबेपर्यंत नाही."

"मग शिकव. पण तुझ्या बहिणीला पत्ता लागू देऊ नकोस."

मेव्हण्यानं पिशवीतून टकटक करायची मोर्सची चावी काढली. "तिनंच दिलीय."

मामांचा हात असा बसला की पलीकडच्यांना त्यांना थांबवायचं कसं, हे कळेना. क्लबच्या पुढच्या सभेत ते ताडकन उठले. "अट काढली आणि छंदाची रया गेली! ती परत आणा. मोर्सशिवाय पास झालेल्यांनी पुन्हा परीक्षेला बसावं."

"दाजी, तसे पास झालेले एकटे तुम्हीच आहात!"

"म्हणूनच म्हणतोय," मामा म्हणाले. "कोणाची गैरसोय होणार नाही."