सारखे दिसणारे फोटो

त्याला सगळे फोटोप्लंबर म्हणायचे आणि त्याला वाटायचं की हे कौतुक आहे.

झालं असं होतं की फोन नवा होता तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. भिंतीत पाईप टाकला की त्यावर प्लॅस्टर, प्लॅस्टरवर टाइल, आणि मग आत काय चाललंय ते देवालाच ठाऊक. म्हणून भिंत बुजवायच्या आधी फोटो काढून ठेवायचा. उद्या गळती झाली की फोटो बघायचा, बरोबर तीच टाइल उचलायची, बाकी भिंतीला धक्का नाही. आयुष्यात एकच हुशारी सुचली म्हटल्यावर माणूस ती पुरवून पुरवून वापरणारच. प्रत्येक घरात काम संपलं की तो छाती पुढे काढून सांगायचा, "बिनधास्त राहा, तुमची भिंत माझ्या खिशात आहे."

तर अशा इतक्या भिंती खिशात जमल्या की खिशाचा जीव जायची वेळ आली.

फोन म्हणजे आता फोन राहिलाच नव्हता. कुणाचा कॉल आला की आवाज यायचा पण पडदा काळाच, मग हा काळ्या काचेवर अंदाजपंचे बोट फिरवायचा आणि एवढ्या वेळात समोरचा दुसरा प्लंबर बोलवून मोकळा व्हायचा. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की पाना खाली ठेवा, हात पुसा, घोटभर पाणी प्या, मग कॅमेरा उघडणार, आणि तोवर हात खाली आलेला असल्यामुळे फोटो यायचा बुटाचा. 'जागा संपली आहे' ही चिठ्ठी तर फोन दिवसभर दाखवायचा. पण कुणी नावं ठेवली की हा म्हणायचा, "फोन हळू नाही, विचारी आहे." मनातून त्याला माहीत होतं की घरात त्याची बायको त्याच्याबद्दल 'हळू' एवढंच म्हणायची, 'विचारी' नाही.

आणि नेमका अशा वेळी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तिच्या बाथरूमचं सगळं काम त्यानंच केलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आता बाथरूमच्या भिंतीपलीकडे, बेडरूममध्ये, पलंगाच्या डोक्याशी ओल आली होती आणि रंगाचे पापुद्रे उशीवर पडायला लागले होते.

"तुझे दाजी म्हणतात सगळी भिंत फोडू आणि नव्या टाइल्स लावू," ताई म्हणाली. "मी म्हटलं, हात लावून बघा."

त्या टाइल्स म्हणजे ताईचा जीव. शेवाळी हिरव्या, कडेला बारीक पांढरी वेल. त्या शोधायला तिनं भावाला दुकानं दुकानं फिरवलं होतं. आता ते दुकानही नाही आणि तशा टाइल्सही निघत नाहीत. चार जादा राहिल्या होत्या, त्या तिनं पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या, तान्ह्या बाळासारख्या. म्हणजे चार टाइल्स फोडता येणार होत्या, पाचवी नाही.

"तुझ्याकडे फोटो आहे ना रे?"

"ताई, असं विचारतेस? तुझी भिंत माझ्या खिशात आहे. रविवारी येतो, एक टाइल काढतो, संपला विषय."

फोन ठेवला आणि गॅलरी उघडायला घेतली. गोल फिरणारं चक्र आलं. फिरत राहिलं. मग करड्या चौकोनांची रांग आली, एकातही फोटो नाही, जरा खाली सरकवलं की फोन गप्प, मग सगळं बंद होऊन पहिल्यापासून. ताईची भिंत कुठेतरी खूप खाली, जुन्या थरात होती. दोन दिवस तो जेवताना, बसमध्ये, कुणाच्या तरी सिंकखाली आडवा पडून खाली खाली जायचा प्रयत्न करत होता आणि फोन त्याला दर वेळी पहिल्या पायरीवर आणून सोडत होता.

शेवटी त्यानं पोरीला हाक मारली. पोरगी कॉलेजात, हातात कायम फोन, बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला दम लागावा.

तिनं त्याचा फोन हातात घेतला आणि आधी कपाळाला हात लावला. "बाबा, टॉर्चची तीन अ‍ॅप्स?"

"एक उघडायला वेळ लागत होता म्हणून दुसरं घेतलं."

"आणि तिसरं?"

"दुसरं कुठे ठेवलं ते सापडेना."

"हा फोन शेवटचा बंद करून चालू कधी केला होता?"

"कधीच नाही. परत चालूच झाला नाही तर?"

पोरगी हसत सुटली आणि तोही हसला, काय करणार. तिनं पटापटा सांगितलं, लोकांनी पाठवलेले व्हिडिओ काढा, न वापरलेली अ‍ॅप्स काढा, मग त्या झाडूच्या चित्रावर दाबा, ते काय काय विचारेल त्याला हो म्हणा, जागा झाली की गॅलरी आपोआप पळेल. एवढं सांगून ती स्वतःच्या फोनमध्ये शिरली, तिथे मैत्रिणीशी काहीतरी जन्ममरणाचं भांडण चालू होतं.

त्यानं झाडू दाबला. फोननं विचारलं, नको असलेल्या फाइली काढू का. हो. जुने व्हिडिओ? हो, ढीगभर होते, त्यातले निम्मे 'हा व्हिडिओ जरूर पुढे पाठवा' म्हणणारे आणि यानं इमानदारीनं पुढे पाठवलेले. मग फोननं विचारलं, 'सारखे दिसणारे फोटो सापडले. सर्वांत चांगला ठेवून बाकीचे काढायचे?'

"अगं, हे सारखे दिसणारे फोटो म्हणतंय."

"हो म्हणा ना बाबा, सगळ्याला हो म्हणा," पोरगी मान वर न करता म्हणाली.

त्याला फोनचं कौतुकच वाटलं. आपण एकेका गोष्टीचे चार चार फोटो काढतो हे याच्या लक्षात आलंय म्हणजे खरंच विचारी निघाला. हो. मग कचरापेटी रिकामी करू का असं विचारलं. त्यालाही हो, काम अर्धवट सोडायची सवय नाही ना आपल्याला.

आणि फोन पळायला लागला. म्हणजे काय सांगावं. बोट लावायचा अवकाश, समोर हजर. म्हाताऱ्या सासऱ्यानं अचानक जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत यावं तसं झालं. त्या आनंदात तो गॅलरी बघायची सोडून लोकांना कॉल लावत सुटला. साडूला लावला, हार्डवेअरच्या दुकानात लावला, तिकडून "बोला" आलं की हा म्हणायचा, "काही नाही, एका दाबात लागतो का बघत होतो." ताईलाही लावला.

"फोटो सापडला का?" ताईनं विचारलं.

"सापडला म्हणजे काय, आता एका मिनिटाचं काम आहे ते."

ते एक मिनिट काढायचं तेवढं राहून गेलं.

रविवारी बापलेक ताईकडे गेले. पोरीला आत्याकडे जायचंच होतं आणि शिवाय झाडूवाल्या अ‍ॅपचं श्रेय तिला सगळ्यांसमोर घ्यायचं होतं. बाथरूममध्ये हा छिन्नी हातोडा घेऊन, ताई बादली पालथी घालून तिच्यावर, पोरगी बेसिनला टेकून, आणि दारात दाजी, हाताची घडी घालून. दाजींना या मेहुण्याच्या फोटोंबद्दल पहिल्यापासून शंका होती.

"काढा प्लंबरसाहेब, तुमचा नकाशा काढा," दाजी म्हणाले.

त्यानं खिशातून फोन काढला आणि गॅलरी उघडली. आणि ती उघडलीच. लगेच. इतकी वर्षं तो फोनच्या हळूपणाला शिव्या घालत होता, पण त्या हळूपणात किती सोय होती ते त्याला त्या क्षणी कळलं. जुना फोन असता तर चक्र फिरेपर्यंत चांगली तीन कारणं सुचली असती. आता एकाही कारणाला वेळ मिळाला नाही.

गॅलरीत पोरीचे फोटो होते, लग्नातले होते, एक बुटाचा होता. आणि पाईपचा एक. फक्त एक. फोनच्या दृष्टीनं भिंतीतला पाईप म्हणजे भिंतीतला पाईप, शेकडो घरांतले सगळे एकसारखे, त्यातला त्यानं सगळ्यात चांगला ठेवला होता. आणि खरंच चांगला होता, उजेड छान, जॉइंट लख्ख. हा कुठला तेही त्यानं ओळखलं, दातांच्या डॉक्टरांकडचा, मागच्याच महिन्यातला.

"बघू," म्हणत दाजींनी फोन घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग भिंतीकडे बघितलं. "हां. हा वरचा कोपरा. म्हणजे ही टाइल." आणि दाजींनी ठामपणे खिडकीखालच्या एका टाइलवर बोट ठेवलं. "मानलं बुवा तुम्हाला."

दाजींनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मानलं होतं, तेही दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवरून.

आता खोटं बोलायचं नव्हतंच, फक्त गप्प राहायचं होतं. टाइल दाजींनी दाखवली, चुकली तर दाजींची. त्यानं छिन्नी टाइलवर टेकवली सुद्धा. बाजूला ताई मांडीवर चादरीचं गाठोडं घेऊन बसली होती आणि तिनं त्यातली एक टाइल आधीच बाहेर काढून पदरानं पुसून ठेवली होती. एकच. भाऊ म्हणाला होता ना, एक टाइल काढतो.

त्यानं छिन्नी खाली घेतली.

"हा फोटो इथला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इथला फोटो गेला. सगळ्यांचेच गेले."

पोरगी बेसिनपासून सरळ झाली. "बाबा, तुम्ही सारखे दिसणारे काढले?"

"तू म्हणालीस सगळ्याला हो म्हणा."

"मी तेव्हा ऐकत नव्हते," ती म्हणाली आणि तिचे डोळे एकदम भरून आले, तिचं काय, भांडणातही भरतात आणि जाहिरातीतही.

"मग आता कुठे फोडायचं?" ताईनं विचारलं.

"मला माहीत नाही."

दाजींनी तोंड उघडलं पण ताईनं हात वर केला. "थांबा हो. हा 'माहीत नाही' म्हणालाय. लहानपणापासून पहिल्यांदा ऐकतेय मी." मग भावाकडे वळून म्हणाली, "फोटो नाही तर नाही. तू तर आहेस ना. तू ते काम कसं केलं असशील ते आठव."

"आठवत असतं तर फोटो कशाला काढले असते ताई?"

"मग आम्ही आठवतो. तुझे गुण आम्हाला पाठ आहेत."

आणि त्या बाथरूममध्ये चौघांनी मिळून जी चौकशी केली तशी कुठल्या प्लंबरची झाली नसेल. दाजी म्हणाले याला वाकायचा आळस, जॉइंट कमरेच्या वरच असणार. पोरगी नाक ओढत म्हणाली बाबा उजेड असेल तिथेच काम करतात, त्यांना अंधारात चष्मा सापडत नाही, म्हणजे खिडकीच्या बाजूला. त्याला दोन्ही पटलं. न पटून काय करतो, सगळं खरं होतं. त्यानं खिडकीजवळची, छातीच्या उंचीची टाइल फोडली. आत पाईप होता, सरळ, सबंध आणि कोरडा ठाक.

"एक," दाजी म्हणाले.

ताई फुटलेल्या टाइलचे तुकडे गोळा करत होती. वेलीचा तुकडा हातात धरून ती एकदम थांबली. "त्या दिवशी तू जेवायला बसलास आणि ताटावरून उठून म्हणालास, पाईप कमी पडला. आठवतं? दुकानात जायचं होतं तुला."

"मग गेलो होतो?"

"कसला जातोस. यांच्याकडे स्कूटर मागितलीस."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दाजींच्या हाताची घडी सुटली.

"नवी होती," दाजी म्हणाले. "पाण्याच्या पाईपनं ओरखडे पडले असते."

"मग तू म्हणालास, जाऊ दे, स्वयंपाकघरातला तुकडा उरलाय तो जोडतो," ताई म्हणाली.

आता त्याचंही डोकं चालायला लागलं, जुन्या फोनसारखं, जरा गरम होऊन. पाईप वरून खाली येत होता. वरून सुरुवात केली म्हणजे कमी पडला तो खाली. तुकडा जोडला तो नळाच्या जरा वर. म्हणजे गुडघ्याच्या उंचीला, कोपऱ्यात, जिथे त्याला वाकावंही लागलं असणार आणि उजेडही नसणार. आयुष्यात एकदाच त्यानं आळस सोडून वाकून काम केलं होतं आणि नेमकं तेच गळलं.

तो फरशीवर बसला आणि कोपऱ्यातली टाइल फोडली. आतलं प्लॅस्टर ओलं काळं होतं. छिन्नीनं जरा खरवडलं तसे दोन पाईप दिसले, वरचा पांढरा, खालचा करडा, आणि दोघांच्या मध्ये जॉइंटच्या कडेनं पाण्याचा थेंब हळू हळू फुगत होता.

दाजींनी यावेळी मोजलं नाही. बाहेर गेले आणि येऊन त्यांनी स्कूटरची किल्ली त्याच्यापुढे धरली. "आता अख्खा पाईप आणा. ओरखड्यांना जागा राहिलेली नाही तिच्यावर."

दुपारपर्यंत जुने तुकडे निघाले, नवा सलग पाईप बसला. वरची टाइल लागली. खालची लावायच्या आधी सवयीनं त्याचा हात खिशात गेला आणि कॅमेरा तर आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडत होता.

"तू नको," ताई म्हणाली. "तू परत साफसफाई करशील. माझी भिंत, माझ्या फोनमध्ये राहील."

तिनं चष्मा लावला, फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला, श्वास रोखला आणि फोटो काढला. त्यानं वाकून बघितलं. पाईप होता, जॉइंट नव्हता याचा पुरावा होता, आणि अर्ध्या फोटोभर ताईचा अंगठा होता.

"ताई, अंगठा आलाय. परत काढ."

"असू दे," ताई म्हणाली. "निदान कुणाची भिंत आहे ते तरी कळेल."