कादंबरीतल्या आईला पत्र

काल कपाट आवरताना जुन्या वह्यांचा वास आला आणि मी आटपाडीच्या शाळेतल्या, मी शिकवलेल्या नववीच्या वर्गात जाऊन पोचले. अभ्यासाला लावलेली कादंबरी वर्गात नुकतीच वाचून झाली होती. "आवडत्या पात्राला पत्र लिहा," मी मुलांना सांगितलं. सगळ्यांनी नायकाला लिहिलं. मेंढरांमागं फिरून चार महिन्यांनी शाळेत आलेल्या हिरानं मात्र नायकाच्या आईला लिहिलं होतं, "तुमी समद्यांना वाढता. तुमी कवा जेवता?"

"हिरा, हे कुठल्या पानावर सापडलं तुला?"

"कुठंच सापडलं न्हाई बाई, म्हणून तर इचारलं."

नऊ वर्षं मी ती कादंबरी शिकवत होते. घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटच्या पानापर्यंत आई खरंच कुठं जेवली नव्हती.