नव्वदच्या काट्यावरची थरथर

माझ्या गाडीला दुसऱ्यानं नावं ठेवलेली मला खपत नाहीत. तिच्या बॉनेटचा रंग उन्हानं उडालाय, मागचं डावं दार आतून उघडत नाही, पावसात काच अर्धीच वर जाते, हे सगळं मला माहीत आहे. ते मी बोलेन. इतरांनी आपलं तोंड आवरावं.

ही गाडी मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी घेतली, तीही जुनीच. त्याआधी सतरा वर्षं मी गढीच्या फाट्यावर उभी राहायचे. बीडहून एसटीनं फाट्यापर्यंत यायचं आणि तिथून तलवाड्याकडच्या शाळेत जायला जीपची वाट बघायची. जीप कोंबून भरल्याशिवाय हलायची नाही. भरली की बायकांना मागं सरकवायचे. पोरांना विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि आठवीचा पहिला तास निम्म्या वेळा फाट्यावरच जायचा. गाडी आली आणि मी पहिल्या घंटेच्या आधी शाळेत पोचू लागले. तेव्हापासून मी कुणाच्या जीपची वाट बघितलेली नाही.

गेल्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा शाळेला निघाले आणि महामार्गावर लागल्यावर स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. सत्तरपर्यंत काही नाही. ऐंशीला सुरुवात, नव्वदला दात वाजतील अशी थरथर. शेजारच्या सीटवर ठेवलेला डबा खुळखुळत होता. दोन दिवसांनी नवरा बाजारच्या कामाला माझ्यासोबत आला. नव्वदला त्यानं वरची कडी धरली ती घर येईपर्यंत सोडली नाही.

"इकून टाकू," तो संध्याकाळी म्हणाला. "दिंद्रुडचा एक आडत्या जुनी गाडी बगायलाय. रविवारी ये म्हनलंय त्याला."

"आणि मी शाळेत कशी जाऊ?"

"पयलं जात होतीस तशीच."

त्याला माझी काळजी होती, हे मला कळत होतं. ट्रकांच्या मधून जाताना हातातलं स्टेअरिंग सुटलं तर, हे भय काही खोटं नव्हतं. पण 'पयलं जात होतीस तशीच' हे शब्द मला चटका लावून गेले. मी विचारलं, "रविवारच्या आत मला बिघाड सापडला तर गाडी राहील?" तो म्हणाला, "सापडला तर बगू." आमच्या घरात 'बगू'चा अर्थ 'नाही' असा होतो. मी मात्र तो शब्द दिल्यासारखा धरून बसले.

ज्या मेकॅनिककडं मी नेहमी जाते तो खाली वाकून बघून म्हणाला, "बाई, वय झालं गाडीचं. म्हाताऱ्या मानसाचे हात थरथरतेतच की."

"माझी सासू पंच्याहत्तरीची आहे, अजून सुईत दोरा ओवते," मी म्हणाले. "कारण दाखवा, वय नका सांगू."

त्यानं हसत हसत स्टेअरिंगचे दोन सांधे बदलले, चाकांची दिशा मशीनवर सरळ करून दिली. दुसऱ्या दिवशी नव्वदला तीच थरथर. शेजारणीनं नजर लागल्याचं निदान केलं आणि पुढं लिंबू-मिरची बांधली. दोन दिवस लिंबूही माझ्याबरोबर थरथरलं.

मग मला राग आला. आठवीच्या पोरांना मी रोज सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते लिहून ठेवा. आणि स्वतः मात्र म्हातारपण, नजर, नशीब ऐकत बसले होते. मी एक जुनी वही गाडीत ठेवली.

नव्वदला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन शांत झालं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. हलका ब्रेक दाबला, थरथर वाढली नाही. म्हणजे ब्रेकही सुटले. सिमेंटच्या रस्त्यावर आणि डांबरावर सारखीच, म्हणजे रस्त्याला दोष द्यायची सोय राहिली नाही. शुक्रवारी मेकॅनिकला म्हणाले, पुढची चाकं मागं लावा, मागची पुढं. तो म्हणाला, त्यानं काय होनार? मी म्हणाले, लावा तर. शनिवारी सकाळच्या शाळेला निघाले तर स्टेअरिंग गप्प, आणि माझी सीट मागून हादरायला लागली. गाडी चालवताना मी एकटीच मोठ्यानं हसले. थरथर चाकांबरोबर मागं गेली होती. गाडी म्हातारी नव्हती, चाकांत काहीतरी होतं.

शाळा सुटल्यावर तडक गॅरेजवर. मागचं डावं चाक काढून आडवं ठेवलं. टायरला फुगवटा नाही, रिम वाकडी नाही. रिमच्या आतल्या अंगाला मात्र, चाकाचा तोल साधायला लावतात त्या शिशाच्या वजनांची ही लांब रांग चिकटवलेली.

"एवढी वजनं?" मी विचारलं.

"श्रावनात तुमीच बॅलन्सिंग करून घेतलतं की. मशीननं दाखवली तेवढीच लावली."

श्रावणातला तो दिवस मला आठवला आणि माझे कान गरम झाले. शाळेचा रस्ता चिखलात गेलेला, गाडी काळ्या मातीत रुतलेली. ढकलून काढली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांच्या आत माती गिलाव्यासारखी बसली होती, डाव्यात जास्त. आमच्याकडची काळी माती वाळली की दगड होते. दोन दिवसांनी बॅलन्सिंगला आले तेव्हा ह्याच मेकॅनिकनं विचारलं होतं, चाकं धुऊन घेऊ का? आणि मी, टँकरच्या पाण्यावर वाढलेली बाई, ठसक्यात म्हणाले होते, "राहू द्या, पावसाळ्यात पुन्हा मळणारच, पाणी कशाला वाया घालवायचं?" त्यानं मातीसकट चाक मशीनवर चढवलं. मशीननं इमानदारीत मातीचा तोल सांभाळायला समोरच्या बाजूला वजनं मागितली. आणि दसऱ्याला, वर्षातून एकदा गाडीला पाणी लागतं त्या दिवशी, नवऱ्यानं पूजेसाठी गाडी धुतली. आडवं पडून, ब्रश घेऊन, रिमच्या आतली मातीची ढेपन् ढेप काढून टाकली. माती गेली. तिच्यासाठी लावलेलं शिसं मात्र तसंच गरगर फिरत राहिलं.

"चूक माझी," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून सहजासहजी येत नाही.

"माजी बी हाय," तो म्हणाला. "मळलेलं चाक चढवायचंच नसतंय."

त्यानं दोन्ही चाकांची सगळी वजनं उपटली आणि धुतलेली चाकं मशीनवर फिरवली. चिमूटभर वजनात तोल जमला. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही.

रविवारी आडत्या आला. गाडी घेऊनच परतायच्या तयारीनं आला होता, पिशवीत गाडीला घालायला झेंडूचा हारही होता. चहा झाला. मी किल्ली उचलली आणि म्हणाले, चला, चालवून दाखवते. तो पुढं बसला, नवरा मागं डावीकडं. महामार्गावर मी काटा नव्वदच्या पुढं नेला. आरशात नवऱ्याचा हात कडीवर दिसत होता. थोड्या वेळानं तो हात खाली आला.

आडत्यानं तळवा समोरच्या डॅशबोर्डवर टेकवून बघितला. "लोन्यावानी चालायली की हो! घेतली म्हना."

मी गढीच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली. "विकायची नाही. दिंद्रुडला जायला माजलगावच्या जीपा इथूनच मिळतात."

"आँ? मंग मला कावून बोलावलं?"

"मी नाही बोलावलं," मी आरशात बघत म्हणाले.

तो हाराची पिशवी सावरत उतरला. नवऱ्यानं पुढं यायला आतून दाराचा खटका ओढला, दार उघडेना. पुन्हा ओढला. मी त्याला जरा ओढू दिलं, मग उतरून बाहेरून दार उघडलं. तो उतरला आणि तिथंच थांबला. फाट्यावर सावलीचं एक झाड नाही. आडत्यानं डोक्यावर रुमाल टाकला होता. जीप उभी होती, तीन माणसं बसली होती, भरायला अजून बराच वेळ होता.

"तू हितंच उभी ऱ्हायचीस व्हय?" नवरा म्हणाला.

"सतरा वर्षं."

एवढ्या वर्षांत त्यानं ती जागा कधी उतरून बघितली नव्हती. तो पुढं येऊन बसला, पट्टा लावला, आणि गाडी वळवून महामार्गावर आल्यावर म्हणाला, "नव्वदवर ने बरं परत एकदा."

मी शंभरवर नेली.