वरून चौथा धवला

आमच्या पनवेलच्या घरातला कम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की आई बटण दाबून आत जायची आणि भात टाकून यायची. मी न्हावा शेव्याला एका ऑफिसात काम करतो. तिथे कुणाचं मशीन अडलं की मलाच हाक मारतात, आणि माझ्याच घरात हे रखडलेलं गाडं. माझा स्वभाव मुळात तापट. पडद्यावरचं ते फिरणारं चक्र पाहिलं की माझंच डोकं फिरायचं.

खरं तर तो आता आईच वापरायची. आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवलारीण धवला गाते आणि गाता गाता त्या घरातल्या माणसांची नावं गाण्यात गुंफत जाते. माझी थोरली बहीण, ताई, तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेली. तेव्हापासून आई कुठल्याच मांडवात गायली नाही. जुन्या लग्नांत मी तेव्हाच्या, आता मोडीत गेलेल्या मोबाइलवर केलेली तिची रेकॉर्डिंग कम्प्युटरवर होती, ती तेवढी दुपारी ऐकत बसायची. वाचता येत नाही म्हणून बोटाने मोजायची आणि वरून चौथं लावायची. रोज तेच. मला वाटायचं, म्हातारी स्वतःच्या आवाजात मन रमवते. एकदाही विचारलं नाही.

एका रविवारी आई बाजारात गेली आणि मी कम्प्युटर उघडून बसलो. धूळ झाडली, नको ते प्रोग्रॅम काढले, व्हायरस शोधला. फरक शून्य. शेवटी वैतागून ठरवलं, सगळं पुसून नवीन सिस्टीम टाकायची, कामाचं तेवढं पेन ड्राइव्हवर घ्यायचं. ‘हळदीचा धवला’ याच नावाखाली बारा रेकॉर्डिंग निघाली. प्रत्येकाची सुरुवात ऐकून पाहिली. सगळीकडे तेच देवांना आवतण, तीच चाल. एकच गाणं बारा वेळा कशाला, म्हणून ज्यात आवाज सगळ्यात स्वच्छ होता ते एक ठेवलं. चौथ्यात तर नुसता भांड्यांचा खणखणाट आणि बायकांचं खिदळणं. ते आधी उडवलं. धवलारणीचा मुलगा मी. माणसांची नावं आवतणानंतर पुढे येतात हे मला ठाऊक असायला हवं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आई आली तेव्हा मी नवरदेवासारखा फुगून उभा होतो.

“बघ, कसा पळतो आता!”

तिने माऊस धरला. गाणं लगेच लागलं. ती नावं येईपर्यंत ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळली.

“ही कुनाची पोर? आपली नाय ही.”

“आई, गाणं तेच आहे ना?”

“तुजे ताईची हलद कुठं हाय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते खिदळणं ताईचं होतं. हळद लावताना तिला गुदगुल्या व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात डिस्क नेली. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतली. नुसतं पुसलं असतं तर काही मिळालं असतं, म्हणाला, पण नेमक्या त्याच जागेवर नवीन सिस्टीम बसली आहे. कुणी केलं हे, असंही त्याने विचारलं. मी डिस्क घेऊन बाहेर पडलो.

आईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवडाभर ती दुपारी आतल्या खोलीत पडून राहिली. मला राहवेना. मी मोबाइल घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

“आई, ताईचा धवला पुन्हा म्हण ना. तुला तर पाठ आहे. एकदाच.”

ती उठून बसली. पदर सारखा केला, घसा खाकरला. तोंड उघडलं आणि तशीच थांबली.

“तवा पोर म्होरं बसलेली रं,” ती म्हणाली. “आता कुनाकडं बघून गाऊ?”

मोबाइल चालूच होता. आईचं ते एवढंच बोलणं आता माझ्याकडे आहे. ते ऐकायचा धीर होत नाही, आणि पुसायला हात धजत नाही.