न खवटणाऱ्या भाकरीचा डबा

२० एप्रिल. शेजारच्या अक्काचा डबा घासायला काढलाय. पत्र्याचा, गोल, परातीएवढ्या तोंडाचा. सोडा टाकून दोनदा कढत पाणी भरून ठेवलं, तरी खवट तेलाचा वास जात नाही. अक्काला जाऊन महिना झाला.

बातमी मला ऐकू आली नाही, दिसली. माझी पिठाची गिरणी चालू होती, ज्वारीचं दळण टाकलेलं. समोरचे शिंपी मुनीरभाई दारात उभे राहून दोन्ही हातांनी बंद करा, बंद करा अशी खूण करत होते. मी गिरणी थांबवली. "कल्पनाताई, अक्का गयी," ते म्हणाले. सकाळी चहा ठेवला होता तिनं, तो घ्यायच्या आधीच खुर्चीत बसल्या बसल्या गेली. ज्वारीचं दळण अर्धंच राहिलं, आणि ज्याचं होतं तो संध्याकाळी तसंच घेऊन गेला.

चिकलठाण्यात आमची भिंतीला भिंत. अक्काचं माहेर खुलताबादकडचं, शेतकऱ्याचं. नवरा इथल्या कारखान्यात फिटर होता, तो लवकर गेला. एकुलता एक मिलिंद शिकून नॉर्वेला गेला आणि तिथलीच मुलगी केली. माझाही नवरा नाही, मुलगी लग्न करून पुण्याला. दोघी एकट्या, म्हणून आमचं जमलं असं गल्लीला वाटायचं. पण शेजारी असूनही कितीतरी वर्षं आम्ही फक्त मान हलवत होतो. जमलं ते जवामुळं.

सहा वर्षांपूर्वी ती तीन महिने मुलाकडं राहून आली आणि दुसऱ्याच दिवशी चार किलो जव घेऊन गिरणीत हजर. "बारीक दळ. अन् गव्हावर नको टाकू, ज्वारीवर टाक." आमच्याकडं जव दळायला येतात ते पूजेला नाहीतर आजाऱ्याला. मी विचारलं, कोण आजारी पडलं?

"कोण नाय पडलं. विहिणीची भाकरी करायचीय."

विहीण म्हणजे मिलिंदची सासू, बेरित. तिनं अक्काला तिथली जुनी भाकरी शिकवली होती. फ्लाटब्रॉ म्हणतात. जवाचं पीठ, थोडी गव्हाची कणीक, मीठ, पाणी. थापायची नाही, लाटायची, इतकी पातळ की खालचा पाट दिसावा. मोठ्या तव्यावर मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत ठेवायची आणि लांब चपट्या लाकडी पट्टीनं उलटायची. ती पट्टी विहिणीनं भेट दिलेली. तवा अक्कानं शहागंजच्या बाजारातून शोधून आणला. एकमेकींची भाषा येत नसताना तीन महिने बोललात काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बोलायचं काय त्यात? तिनं लाटली, म्या भाजली. भाकरीचीच बहीण हाय गं ती, थंडीच्या गावात दिलेली."

तिच्यात तेल नाही, तूप नाही, मोहन नाही. म्हणून ती खवटत नाही. तिकडं पूर्वी एकदाच भाजून थप्प्या रचून ठेवायचे आणि सगळा हिवाळा खायचे. अक्काला हे फार पटलं होतं. मिलिंदचं येणं कधी दिवाळीला ठरायचं, कधी उन्हाळ्यात, आणि बहुतेकदा पुढं जायचं. लाडू करून ठेवले तर ते गल्लीतल्या पोरांत वाटावे लागत. ही भाकरी वाट बघू शकत होती. दर दिवाळीनंतर ती डबा भरायची. सहा वर्षांत मिलिंद दोनदा आला. बाकीच्या वर्षी जुन्या भाकरी आम्ही दुधात चुरून खाल्ल्या आणि ती नवीन जव घेऊन गिरणीत आली.

मला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. मी तोंडावर म्हणायचे, "पोरगा येत नाही आणि तुम्ही डबे भरताय."

"भरलेला डबा हाय म्हणून तर तो येणार हाय असं वाटतं. तुझं काय जातंय?"

गेल्या दिवाळीनंतर तिचा खांदा धरला होता, म्हणून लाटायला मी बसले. जवाचं पीठ ते, कडा फाटत होत्या. तिसरीही तुटली तेव्हा वैताग आला. अक्का बाहेरच्या खोलीत मिलिंदशी फोनवर बोलत होती. मी पळीभर तेल कडकडीत तापवलं आणि पिठात ओतलं. तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईचा हात तो, मोहनाशिवाय राहवेना. मग भाकरी भराभर झाल्या. अक्का आली, एक तुकडा मोडून खाल्ला.

"लई खुसखुशीत झाल्या गं," ती म्हणाली. "आता मात्र त्याला लवकर यावं लागंल."

मी हसले. थट्टा वाटली मला.

अक्का गेल्यावर मिलिंद तिसऱ्या दिवशी पोचला. तेराव्यापर्यंत राहिला. जायच्या आदल्या दुपारी त्यानं स्वतःच फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं, आणि वास खोलीभर झाला. तरी त्यानं एक भाकरी मोडली. चहाबरोबर सगळी खाल्ली. मग मला म्हणाला, "ताई, आईनं तेल घातलं होतं यात. विसरायला लागली होती का ती? मला फोनवर कधी कळलंच नाही..."

मी म्हणाले, "वय झालं होतं."

एवढंच म्हणाले. त्यानं झाकण लावून डबा परत फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी घराची किल्ली माझ्याकडं देऊन गेला.

अक्काला शेवटच्या दिवसापर्यंत सगळं आठवत होतं. माझ्या गिरणीत कोणाचं दळण कशावर टाकलं हेही. तेल तिनं पहिल्या घासाला ओळखलं होतं. मला बोलली नाही, दुसरं पीठही मळलं नाही. तेलाच्या भाकरीला मुदत असते... तेवढ्या मुदतीत तो येतो का, हे बहुतेक तिला बघायचं होतं. हे मला आज डबा घासताना कळतंय. आणि मी तिच्या मुलाला सांगितलं की आई विसरत होती.

डबा तिसऱ्यांदा घासला आणि उपडा ठेवला.

२१ एप्रिल. आज सकाळी गिरणी उघडून पहिलं दळण माझंच टाकलं, चार किलो जव, आदल्या दिवशीच्या ज्वारीवर. गिऱ्हाइकांना दुपारी या म्हणून सांगितलं. अक्काच्या घराचं कुलूप काढून तिच्याच तव्यावर भाजायला बसले. पहिल्या पाच तुटल्या. तेलाची बरणी माझ्या घरी ठेवून आले होते. अकरा वाजेतो बावीस भाकरी झाल्या. त्या डब्यात रचल्या, पट्टी पुसून शेजारी ठेवली आणि मिलिंदला लिहिलं, "तेल मी घातलं होतं. आईला सगळं आठवत होतं. डबा भरून ठेवलाय, बिनतेलाचा. केव्हाही ये."

मग कुलूप लावून गिरणी सुरू केली.