अकरा महिन्यांचा राखणदार

“आलोच,” म्हणत ते सायकलवरून येणारे गृहस्थ उठायचे आणि कपात अर्धा चहा तसाच राहायचा. बसून पुरता कप संपवलेला कोणी पाहिला नाही. बोलतानाही नजर तुमच्या चेहऱ्यावर नाहीच. डोक्याच्या वीतभर वर.

मी तेव्हा चौलला नवी नवरी. मला वाटलं, बघतात ते माझ्या अंबाड्यावरच्या अबोलीकडे. दुसऱ्या दिवशी दुप्पट माळली. हसा, खुशाल हसा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “वहिनी, जरा बाजूला व्हा. मादी आली.”

माझ्यामागे वाडीतला जुना आंबा होता आणि त्याच्या शेंड्याला समुद्री गरुडाचं घरटं, बैलगाडीच्या चाकाएवढं.

आमच्याकडे तेव्हा पक्षी म्हणजे मारायचा, नाहीतर पोफळीवरून हाकलायचा. तो राखायचा असतो, हे सायकलवरून गावोगाव सांगत फिरणारा हा पहिलाच माणूस. लोक चक्रम म्हणायचे. मीही म्हणायची; अबोलीचा राग होता ना.

मामंजींनी तो आंबा लाकूडवाल्याला विकला. घरट्यात पिल्लं होती, अजून उडता न येणारी. तोडणीच्या आदल्या दिवशी ते आमच्या अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. मग विहिरीपाशी थबकले. तिथे आमच्या राखणदाराचा दगड. तो वाडी राखतो, आम्ही वर्षाला नारळ देतो, आणि तो बसलाय त्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही.

“काका, याला आंब्याखाली बसवू या. पिल्लं उडेपर्यंतच.”

“राखणदार काय भाडेकरू हाय, जागा बदलायला?”

“अकरा महिन्यांचा करार करू.”

मामंजी सहसा हसत नसत. त्या दिवशी तोंडातलं पान सावरत हसले आणि दगड स्वतः उचलून नेला. सकाळी लाकूडवाल्याने ताजा शेंदूर पाहिला, हात जोडले, माघारी गेला.

पिल्लं उडाली. दगड परत न्यायची छाती मात्र कोणाची झाली नाही.

पुढे आसपासच्या कितीतरी गावांत राखणदार असेच घरट्यांखाली येऊन बसले. “वहिनी, आणखी एक करार झाला,” एवढं सांगायला ते सायकल हाणत यायचे आणि अर्धा चहा टाकून पसार.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. शेजारच्या वाड्यांचे बंगले झालेत. दिवाळी सरली तरी यंदा गरुडांची जोडी दिसली नाही. मुलगा म्हणतो, आई, रिकामं झाड किती दिवस ठेवायचं? मी म्हणते, करार राखणदाराशी आहे, त्याला विचार. म्हणते खरी, पण जीव थाऱ्यावर नाही.

काल आंब्याखाली एक काटकी पडली, घरट्याला लावतात तशी. वाऱ्यानेही पडली असेल.

“आलेच,” म्हटलं आणि उठले. चहा अर्धाच राहिला.