मावशींची दोन नावं आणि एक सही

हर्नडनच्या मंडळींनो, आज सुट्टी टाकून शेजारच्या निर्मलामावशींना सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन सरकारी पेन्शनच्या, ऑफिसात नेलं. माजी नवऱ्याच्या नोकरीच्या नोंदीवर त्यांना पेन्शन मागता येते: वय बासष्टच्या पुढे, लग्न दहा वर्षांहून जास्त टिकलेलं, पुन्हा लग्न नाही. पण "त्याची सही मागायला मी जाणार नाही," म्हणून त्या वर्षभर अडून बसल्या होत्या. शेवटी आज सहीशिवायच गेलो.

कागद मी दोनदा तपासले होते. तरी खिडकीवर अडलोच. लग्नाच्या दाखल्यावर नाव होतं पुष्पा.

"ही कोण?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"मीच. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं."

हे माझ्या यादीत नव्हतं. सुदैवाने घटस्फोटाच्या निकालपत्रात दोन्ही नावं होती. अर्ज घेतला गेला.

"आणि त्यांची सही?" मावशींनी शेवटी विचारलंच.

"लागत नाही. त्यांना आम्ही कळवतही नाही. त्यांची पेन्शनही कमी होत नाही."

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "अगं, कळवलं असतं तरी चाललं असतं!"

तुमच्या ओळखीत कुणी अशी सहीसाठी थांबली आहे का? आजच फोन करा तिला.